हळद, मज्जारज्जू आणि आठ तास

मज्जारज्जूच्या इजेवर वनस्पतीजन्य संयुगं, असा विषय घेऊन प्रस्ताव लिहायला बसलात, तर पहिल्याच परिच्छेदात हळद येणार. येऊ द्या. पण ‘आपल्याकडे पूर्वापार वापरतात’ या एका वाक्यावर इतिहास गुंडाळू नका. तो दोन वेगळ्या वाटांनी आलेला आहे.

पहिली वाट इजेची. 1911 साली फिलाडेल्फियात आल्फ्रेड अ‍ॅलन यांनी कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून इजेचं प्रमाण मोजता येईल असा प्रयोग बसवला. इजेनंतर मज्जारज्जूत साचलेलं रक्त आणि मृत ऊती काढून टाकल्या, तर प्राणी जास्त सुधारतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे सगळं नुकसान त्या एका फटक्यात होत नाही. पुढचे तास-दिवस रक्तस्राव, सूज आणि दाह निरोगी पेशींनाही गिळत जातात. याला आज आपण दुय्यम इजा म्हणतो. औषधाला जी काही जागा आहे, ती इथेच.

दुसरी वाट हळदीची. करक्युमिन 1815 मध्ये वेगळं केलं गेलं, त्याची रचना 1910 मध्ये मांडली गेली. 1973 मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या श्रीमल आणि धवन यांनी ते स्टेरॉइड नसलेलं दाहशामक असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. 1995 मध्ये सिंग आणि अगरवाल यांनी ते पेशीत नेमकं काय अडवतं ते सांगितलं: एनएफ-कप्पा-बी. हे प्रथिन दाहाची जनुकं चालू करतं, आणि इजा झालेल्या मज्जारज्जूतही तेच जागं होतं. दोन्ही वाटा इथे मिळाल्या. त्यानंतर उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत दाह कमी झाल्याचे, मागचे पाय जास्त हलल्याचे निष्कर्ष आले.

मग औषध अजून रुग्णापर्यंत का नाही? इथे तिसरी गोष्ट वाचायलाच हवी, स्टेरॉइडची. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मिथाइलप्रेडनिसोलोन इजेनंतर आठ तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, असं जाहीर झालं. जगभर ते वापरलं गेलं. पण सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तर फरक दिसत नव्हता, तो फक्त आठ तासांच्या उपगटात होता. जंतुसंसर्ग आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र होताच. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-मणका शल्यविशारदांच्या संघटनांनी ते न वापरण्याची शिफारस केली. म्हणजे दाह कमी करणं आणि माणूस चालायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करक्युमिनची अडचण त्याहून मूळची आहे. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, शरीरात लवकर मोडतं, पोटातून घेतलं तर रक्तात फार थोडं पोचतं. शिवाय काचेच्या नळीत ते इतक्या प्रथिनांना चिकटतं की चाचणीच फसते. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने याचा सविस्तर समाचार घेतला. तो लेख मुळातून वाचा.

आता तुमच्या टेबलावरचा पुढचा शोधनिबंध उघडा आणि चार प्रश्न विचारा. औषध इजेनंतर किती वेळाने दिलं? अर्ध्या तासात दिलं असेल, तर घाटात अपघात झालेला माणूस तेवढ्या वेळात ऑपरेशन थिएटरपर्यंत तरी पोचेल का? मज्जारज्जूत संयुग किती पोचलं, हे मोजलं का? प्राण्याची चाल तपासणाऱ्याला कोणता गट कुठला हे माहीत होतं का? निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत परत मिळाला का?

उत्तरं नसतील तर निराश होऊ नका. तिथेच तुमचा प्रस्ताव सुरू होतो. फक्त एक लक्षात ठेवा: आपण लिहिलेलं वाक्य कमरेखाली संवेदना गेलेल्या कुणाच्या तरी घरीही वाचलं जातं. ‘उंदरात’ हा शब्द कधी गाळू नका.