धनुष्कोडी : न घेतलेली हजेरी

दक्षिणेत पोस्टिंग असताना 2013च्या फेब्रुवारीत चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी रामेश्वर गाठलं. पिट्टूत आजीने दिलेला गंगेचा तांब्याचा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. आजीची काशी झाली होती, रामेश्वर राहिलं होतं. गुडघे साथ देईनात, म्हणून ती जबाबदारी माझ्यावर. नाथांनी वाळवंटात गाढवाला पाजली ती कावड याच यात्रेची, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं.

सोबतीला होते मद्रास सॅपर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब. ईशान्येत आम्ही दीड वर्ष एका ठिकाणी काढलं होतं. त्यांचं घर पांबन बेटावरच्या तंगच्चीमडम गावात. "मंदिर उद्या. आज माझ्या गावाला चला," ते त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले. मी विचारलं, "साब, गाव तर हेच ना?" ते म्हणाले, "हे आईचं गाव. बापाचं पुढे आहे."

तेव्हा बस मुकुंदरायर चत्रम येथे थांबायची. पुढे डांबरी रस्ता नव्हता. चत्रम म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. तंजावरच्या आपल्या भोसले राजांनीही रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं बांधली होती. यात्रेकरूंच्या जीपगाड्या वाळूतून पुढे जात होत्या, पण साहेब जीपमध्ये बसेनात. ते दरवर्षी चालतच जातात. धनुष्कोडी तिथून पाच किलोमीटर आणि जमिनीचं टोक, अरिचल मुनै, त्यापुढे साडेचार. येऊन-जाऊन एकोणीस किलोमीटर, सगळी वाळू. बूट काढून गळ्यात अडकवले आणि निघालो.

वाट म्हणजे दोन समुद्रांमधली वाळूची पट्टी. डावीकडे पाल्कचा उपसागर, उजवीकडे मन्नारचं आखात. इथले कोळी एकाला बाईसमुद्र म्हणतात, दुसऱ्याला पुरुषसमुद्र. तहान लागली तेव्हा साहेबांनी वाळूत हातभर खड्डा केला. थोड्या वेळाने त्यात पाणी झिरपलं, आणि ते चक्क गोडं निघालं. दोन्ही बाजूंना खारं पाणी असताना कोळ्यांच्या झोपड्या याच झऱ्यांवर जगतात.

आज निर्जन दिसणाऱ्या या पट्टीवर एके काळी आंतरराष्ट्रीय स्टेशन होतं. 1914 साली पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला आणि मद्रासहून कोलंबोला एकाच तिकिटावर जाता येऊ लागलं. बोट मेल धनुष्कोडीला यायची, प्रवासी धक्क्यावर आगबोटीत बसायचे, समोर तलाइमन्नारला उतरून सिलोनची रेल्वे पकडायचे. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. गावात कस्टम, पोस्ट, शाळा, चर्च, धर्मशाळा, सगळं होतं. सेतूस्नानाला येणारे आपल्याकडचे यात्रेकरूही याच गाडीने यायचे.

डिसेंबर 1964च्या मध्याला अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचं वादळ झालं, ते सिलोन ओलांडून 22 डिसेंबरच्या रात्री या पट्टीवर आलं. त्याच रात्री पांबनहून 653 नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीला निघाली होती. स्टेशन थोडंसं उरलं असताना लाटेने ती गाडी गिळली. नोंद आहे ती 110 प्रवासी आणि 5 रेल्वे कर्मचाऱ्यांची. गाव पाण्याखाली गेलं. एकूण मृत्यू अठराशेच्या आसपास सांगतात. पुढे मद्रास सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरवलं.

दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. चर्चच्या भिंती उभ्या होत्या. बांधकाम प्रवाळाच्या दगडाचं, हात लावला की जाळी जाणवते. स्टेशनच्या जागी काही कमानी आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा. साहेब एका जागी थांबले. "फलाट इथे," म्हणाले.

त्यांचे वडील या स्टेशनवर हमाल होते. साहेब तेव्हा आठ महिन्यांचे. आई त्यांना घेऊन तंगच्चीमडमला माहेरी गेली होती. वडील रात्रीच्या गाडीचं सामान उतरवायला थांबले. त्यानंतर त्यांचं काहीच सापडलं नाही.

"ते गाडीत नव्हते," साहेब म्हणाले, "फलाटावर होते. 110 मध्ये नाहीत, 5 मध्येही नाहीत. हमाल रेल्वेच्या पगारावर नव्हता. आई दोन महिने चौकशी करत फिरली. जो तो विचारायचा, तिकीट नंबर काय?"

फौजेत आपण काहीही झालं तरी आधी हजेरी घेतो. हिमस्खलन होवो की गाडी दरीत जावो, नॉमिनल रोल बाहेर निघतो आणि एकेका नावापुढे खूण होते. ज्याचा पत्ता नाही, तो 'मिसिंग' म्हणून का होईना, कागदावर राहतो. 653 नंबरच्या गाडीची हजेरी तिकिटांवरून लागली. विनातिकीट चढलेले, फलाटावरचे, किनाऱ्यावर झोपलेले कोणाच्याच रोलवर नव्हते.

या वादळाची एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत आहे. पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले होते. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते. ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरने पाण्यातले गर्डर शोधून, वर काढून, पूल 46 दिवसांत उभा केला. सॅपर्सना ही गोष्ट पाठ असते. साहेबांनी स्वतः कितीतरी बेली ब्रिज जोडलेत. ती सांगताना त्यांचा आवाज खुलला, मग खाली आला. "पूल झाला, कारण पलीकडे रामेश्वर होतं. हा फाटा झाला नाही, कारण पलीकडे कोणी राहिलंच नव्हतं." त्यात तक्रार नव्हती. कोणती चौकी राखायची आणि कोणती सोडायची, हे वरून ठरतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

टोकापर्यंत जाऊन आलो. तिथे दोन्ही समुद्र एकमेकांना भिडतात आणि पायाखालची वाळू सरकते. परतताना साहेब पुन्हा फलाटाच्या जागी थांबले, खिशातून तिळाची पुडी काढली आणि समुद्राचं पाणी आणायला वळले. मला काय वाटलं कोण जाणे, मी पिट्टूतून गडू काढला आणि चाकूच्या टोकाने झाळ फोडली. ते "नको, नको, माताजींचा आहे" म्हणत राहिले. मी त्यांच्या ओंजळीत धार धरली. त्यांनी वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं, हजेरीत घेतात तसं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी रामेश्वराला वाहिलं.

2017 मध्ये टोकापर्यंत पक्का रस्ता झाला. 2019 साली रेल्वेच्या नव्या फाट्याची पायाभरणीही झाली, रूळ मात्र आले नाहीत. आता मोटारी थेट टोकाला जातात. मंडळी, कधी गेलात तर स्टेशनपाशी जरा उतरा.

आजीला सगळं फोनवर सांगितलं तेव्हा मी जरा घाबरलोच होतो. निम्मंच पाणी देवाला पोचलं, असं म्हणालो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाथांनी तर अख्खी कावड दिली होती. वाळू आणलीस ना?"