डॉक्टरापासून लपविलेली गोळी

सन १९४८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे दुसरी बाजू दिसली. स्टिरॉइड बाहेरून फार दिवस मिळाले की मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपले काम सोडतात. मग औषध एकाएकी थांबले, किंवा शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. १९५० नंतरच्या दशकात असे मृत्यू पाहूनच डॉक्टर शिकले. तालमीत वा जिममध्ये दंड भरण्यासाठी घेतात ती इंजेक्शने याच कुळातील, पण पुरुषी संप्रेरकाची. तीही शरीरातील मूळ निर्मिती बंद पाडतात.

मग गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली गोळी कामगार लपवितो का? डॉक्टर मालकाचा पगारी असेल तर आपले दुखणे मालकाच्या कानी जाईल, ही भीती निराधार नव्हती. विमा कायद्याने त्याला मालकाच्या पगारावर नसलेला डॉक्टर दिला. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी, न्यायालयाचा हुकूम किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका असे अपवाद सोडता, रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन डॉक्टरावर घातले.

श्रोतेहो, हक्क वापरला तरच हक्क. गोळीचे नाव, मात्रा व किती दिवस घेतली, एवढे डॉक्टरला सांगा. आणि त्याला विचारल्याशिवाय ती एकदम बंद करू नका.