ब्रेकचा आवाज आणि घाटकोपरचा कारखाना

मुंबईच्या उपनगरांत गाडी चालवणं म्हणजे मुख्यतः ब्रेक दाबणं. मुलुंडहून एलबीएस रोडने अंधेरीला जाताना मी अॅक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच जास्त वापरत असेन. त्यामुळे ब्रेकचे आवाज हा आमच्याकडचा नेहमीचा विषय. एक कुईं करतो, एक खर्र करतो, एक नुसताच ठक् करतो. आता आवाज आला की गॅरेज आणि गॅरेज आलं की बिल. पण आयटीवाल्याला बिलाच्या आधी लॉग बघायची खोड असते. म्हणून हा आवाज नक्की येतो कुठून हे शोधायला बसलो, आणि शोधता शोधता शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन परत आपल्याच घाटकोपरला येऊन पोचलो. ते कसं, तेच आज सांगतो.

आधी निदान. आमच्या गॅरेजमधले मिस्त्री फार मोलाचं बोलतात, "साहेब, कुठून आवाज येतो ते मी बघतो. तुम्ही फक्त कधी येतो ते सांगा." म्हणजे आमच्या भाषेत, बग रिप्रोड्यूस करायच्या स्टेप्स द्या! आणि खरंच, 'कधी'वरून अर्धं काम होतं.

पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा गाडी काढली, दोन-चार ब्रेक खरखरले आणि मग आवाज गेला, तर तो डिस्कवर रात्रभरात चढलेला गंज. चार वेळा ब्रेक मारला की घासून निघतो, काही करू नका. हलका ब्रेक मारल्यावर बारीक, उंच, कानात घुसणारी शिट्टी रोजच येत असेल तर पॅड तपासून घ्या. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ बसवलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे, वॉर्निंग मेसेज आहे. तो इग्नोर केला की पुढची पायरी येते, लोखंडावर लोखंड घासल्याची खर्रखर्र, जी पायालासुद्धा जाणवते. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये लायनर रिव्हेटने बसवलेले असायचे. लायनर झिजून रिव्हेटची डोकी वर आली की ती ड्रमला चरे पाडायची. मग ड्रम लेथवर फिरवून आणा नाहीतर नवीन घाला. खड्ड्यातून जाताना ठकठक आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद, तर पॅड धरून ठेवणारी क्लिप सैल आहे किंवा गायब आहे. आणि ब्रेक मारल्यावर पॅडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

राहिली ती सगळ्यात त्रासदायक केस. पॅड नवा, डिस्क चांगली, क्लिप जागेवर, तरी कुईं! याचं कारण सारंगीत सापडतं. सारंगीचा गज तारेवरून सरळ सरकत नाही. तो तारेला चिकटतो, ओढतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदात शेकडो वेळा होतं. ब्रेकमध्येही पॅड डिस्कला तसाच चिकटतो-सुटतो. त्या थरथरीचा आणि डिस्क-पॅड-कॅलिपर या सगळ्या जोडणीचा सूर जुळला की अख्खी डिस्क घंटेसारखी वाजायला लागते. सेकंदाला हजारच्या वर कंपनं, म्हणून तो आवाज इतका कर्कश. थोडक्यात, किंचाळणारा ब्रेक बहुतेक वेळा नीट थांबवणारा ब्रेक असतो. फक्त तो थांबवताना गातो :-)

आता इतिहासाकडे वळू. हे गाणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम, पण पॅड म्हणून त्याने तांबं वापरलं होतं. धातूवर धातू. ब्रेक मारला की अशी किंकाळी उठायची की रस्त्यावरच्या माणसांनी कान झाकावेत. मोटारींच्या इतिहासात असं सांगतात की यावर तोडगा निघाला तो हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रजाकडून. फ्रूड हा डर्बीशायरच्या डोंगराळ भागातला. घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं बांधतात, हे त्याने पाहिलं आणि त्यावरून घर्षणासाठी खास लायनिंग बनवायचा धंदा १८९७ मध्ये सुरू केला. सुरुवातीला त्यात कापूस आणि केस असायचे, पण मोटारीच्या वेगाला ते जळून जायचे. मग १९०७-०८ च्या सुमारास त्याने अॅस्बेस्टॉस वापरला.

अॅस्बेस्टॉस म्हणजे धागे निघणारा दगड. जळत नाही, तुटत नाही, स्वस्त आहे, विणता येतो, आणि राळेत मिसळून दाबला की पकडही चांगली देतो. मुख्य म्हणजे धातूच्या मानाने मऊ, त्यामुळे ओरडत नाही. उष्णता आणि आवाज हे दोन्ही प्रश्न एका झटक्यात सुटले. फ्रूडने आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातला 'ई' घातला आणि कंपनीचं नाव केलं फेरोडो. १९२०च्या दशकात ही कंपनी टर्नर अँड न्यूऑल या अॅस्बेस्टॉसमधल्या बड्या समूहात गेली. याच समूहाने स्वातंत्र्यानंतर भारतात जी कंपनी उभी केली ती हिंदुस्तान फेरोडो, पुढे नाव बदलून हिंदुस्तान कंपोझिट्स. कारखाना कुठे? घाटकोपर पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर.

शीवपासून ठाण्यापर्यंत जाणारा हा रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. आज दोन्ही बाजूंना मॉल आणि टॉवर दिसतात, पण एकेकाळी हा कारखान्यांचा पट्टा होता. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. कंपनी १९४४ ची, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ पासून. फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, म्हणजे आपली काळी-पिवळी, तिथलीच. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरांत किती हळवे लेख आले होते, आठवत असेल. कुर्ल्यापासून काही किलोमीटरवर घाटकोपरला, त्याच रस्त्यावर, ब्रेक लायनिंग आणि क्लच फेसिंग बनत होते. त्या कारखान्यावर मात्र मी एकही हळवा लेख वाचलेला नाही.

लायनिंग कसं बनतं बघा. धागे सोडवायचे, राळ आणि पूड घालून कोरडं मिश्रण ढवळायचं, साच्यात दाबायचं, भाजायचं, मग घासून मापात आणायचं आणि रिव्हेटसाठी भोकं पाडायची. यात धूळ होत नाही अशी पायरी जवळजवळ नाहीच. आणि अॅस्बेस्टॉसचे धागे इतके सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेले की फुप्फुसात रुततात आणि बाहेर येत नाहीत. भोवतीचा भाग हळूहळू निबर होत जातो. दहा-वीस वर्षं काही कळत नाही, मग जिना चढताना दम लागतो. हाच अॅस्बेस्टोसिस. शिवाय कर्करोगाचा धोका वेगळा.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नेली कर्शॉ नावाची कामगार बाई १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. ती रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्समध्ये, म्हणजे याच समूहाच्या मूळ कारखान्यात, अॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात हे धागे दाखवून दिले. कंपनीने भरपाई तर नाहीच, अंत्यविधीचा खर्चसुद्धा दिला नाही. १९३० मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले, त्यांतल्या ९५ जणांची फुप्फुसं निबर झालेली निघाली, म्हणजे सुमारे २६ टक्के. तिकडे लगेच धुळीविरुद्ध नियम झाले.

आता घाटकोपर. मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २२ टक्के कामगारांना अॅस्बेस्टोसिस निघाला. १९३० चा आकडा २६ टक्के, २००५ चा २२ टक्के. मध्ये पंचाहत्तर वर्षं गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आमच्या धंद्याचा जन्म झाला, आणि हा आकडा चार टक्क्यांनी हलला. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट ब्रेकच्या विषयाला फार जवळची आहे. अॅस्बेस्टोसिसचा पहिला संशय पुष्कळदा आवाजावरूनच येतो. स्टेथोस्कोप पाठीवर खाली लावला की श्वास घेताना वेलक्रो उचकटल्यासारखा बारीक चरचराट ऐकू येतो. पुढे एक्स-रे, फुप्फुसाच्या चाचण्या, आणि हा माणूस काय काम करतो हा प्रश्न. पण त्या दोघांनी लिहून ठेवलंय की असे रुग्ण टीबी किंवा जुना ब्रॉन्कायटिस म्हणून खपवले जात होते. देशात अंदाजे एक लाख कामगार अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात, आणि तोवर भरपाई मिळालेले तिसाच्याही आत! निदानच झालं नाही तर भरपाई कसली? खरं तर सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात स्पष्ट सांगितलं होतं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अॅस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांत जे नंतर संपेल तोवर ठेवा आणि आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये द्या, असा आदेश होता.

जगात हळूहळू अॅस्बेस्टॉस हटला. ब्रिटनने पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली, अमेरिकेने ब्रेकसकट बंदीचा नियम केला तो थेट २०२४ मध्ये. भारतात मात्र पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी अजून नाही. नव्या गाड्यांच्या पॅडमध्ये आता पोलादाचे तुकडे, अॅरामिड, काच किंवा सिरॅमिकचे धागे असतात. यातले पोलादवाले पॅड जरा जास्त ओरडतात. म्हणजे आज आपल्याला ऐकू येणाऱ्या काही आवाजांचं कारण हेही आहे की तो मऊ, शांत दगड ब्रेकमधून गेला. ही किंमत मला तरी फारच स्वस्त वाटते.

शेवटी कामाच्या दोन-तीन गोष्टी. पॅड किंवा लायनर घेताना खोक्यावर 'अॅस्बेस्टॉस फ्री' लिहिलंय का बघा, आणि फूटपाथवरचा बिननावाचा स्वस्त माल घेऊ नका. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की एअर गनने धूळ उडवायची आणि लायनरवर कोरडा काचपेपर मारायचा पद्धत आहे. कुईं आवाजावरचा तो जुना रामबाण! लायनर कोणता आहे हे माहीत नसताना तसं करू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आपण पाच मिनिटांत निघून जातो, पण मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा दिवसभर तिथेच श्वास घेतात. आमच्या मिस्त्रींना हे सांगितलं तर आधी हसले, मग म्हणाले, "तीस वर्षं उडवतोय साहेब, कोण सांगतंय आम्हाला?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, एकदा छातीचा फोटो काढून घ्या, आणि डॉक्टरांना आधी तुमचं काम सांगा.

असो. लेख लांबला. तुमच्या गाडीचा ब्रेक ओरडत असेल तर सोमवारी दाखवून घ्या.