जोडगायन

१. जोडगायन : दोन भावंडांनी मिळून केलेली कर्नाटक संगीताची मैफल. बंगळूरमधील जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमधल्या राघवेंद्रस्वामी मठात अशा शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. आर. एन. त्यागराजन व आर. एन. तारानाथन हे ‘रुद्रपट्टण बंधू’ या प्रथेचे कर्नाटकातील ठळक उदाहरण. हासन जिल्ह्यातले कावेरीकाठचे रुद्रपट्टण हे त्यांच्या घराण्याचे गाव. अमेरिकेतील लूव्हिन बंधू भक्तिगीते गाताना एकाच वेळी दोन वेगळे स्वर लावून ते जुळवत. कर्नाटकी जोडगायनात मात्र कृती, म्हणजे बांधलेली रचना, दोघेही एकाच स्वरात गातात. आलापना आणि कल्पनास्वर हे उत्स्फूर्त भाग तेवढे आळीपाळीने वाटून घेतात. मैफलीच्या उत्तरार्धात बहुधा दासपदे, म्हणजे हरिदास संतांची कन्नड पदे, येतात. त्यांतल्या पुरंदरदासांच्या ‘पुरंदरविठ्ठल’ या नाममुद्रेतला विठ्ठल पंढरपूरचाच.