भुरीचे औषध आणि फुप्फुसातली बुरशी

निमगाव केतकीची ओळख पानमळ्यांची. वेलीला मर लागली की मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो घालायचे, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. फ्रान्समध्ये मिलार्देने ते १८८५ साली द्राक्षांसाठी प्रसिद्ध केले. तांबे बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. तिला निसटायला वाट सापडत नाही. १९७० नंतर शेतीत आलेली ट्रायझोल औषधे निराळी. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार करणारे एकच विकर ती अडवतात. इंदापूर-बारामतीकडे द्राक्षाच्या भुरीवर फवारतात ती हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल याच कुळातली. रुग्णालयातली इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोलही त्याच कुळातली!

माझ्या मावसभावाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टरांनी बागकाम आणि शेणखताचा ढीग वर्ज्य केला. घरच्यांना ते सोवळे वाटले. पण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की, एरवी आपण रोज सहज पचवतो ते ॲस्परजिलसचे बीजाणू फुप्फुसात रुजतात. ही बुरशी तापलेल्या उकिरड्यात सुखाने वाढते, आणि फवारलेल्या बागेचा पालापाचोळा शेवटी तिथेच जातो. २००२ साली मोठ्या चाचणीत व्होरिकोनॅझोल घेणारे सुमारे ७१ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनी जिवंत होते. जुन्या अँफोटेरिसिनवर ५८ टक्के. ही मिळकत हातची जाणे म्हणजे काय, ते वॉर्डाबाहेर बसलेल्यालाच कळते.

आणि ती जाऊ लागली आहे. नेदरलँड्समध्ये औषधाला न जुमानणारी ॲस्परजिलस प्रथम ठळकपणे दिसली. जनुकातला तोच ठरावीक बदल, ट्रायझोल कधीही न घेतलेल्या रुग्णांतही. म्हणजे बुरशी बाहेरूनच तयार होऊन आली होती. २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हाच बदल भारतातही दाखवला: चहामळ्यांच्या मातीत, भातखाचरांत, रुग्णालयाच्या बागेतल्या कुंड्यांत आणि वॉर्डांतल्या हवेतसुद्धा.

एकच औषध-कुळ शेताला आणि माणसालाही, ही गोष्ट पुणे जिल्ह्याला नवी नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन मिळवले. ते माणसांसाठी. १९६४ च्या सुमारास तिथेच ऑरिओफंगिन निघाले, ते पिकांसाठी. दोन्ही अँफोटेरिसिनच्या गोतातली. या गोताला बुरशी सहसा दाद देते, म्हणून तेव्हा निभावले, असे माझे मत. ट्रायझोलच्या बाबतीत तसे झाले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत धोकादायक बुरशींच्या गटात घातले. त्याच वर्षी अमेरिकेने इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचे बुरशीनाशक मंजूर केले. ते ज्या विकरावर नेम धरते, त्याच विकरावर नेम धरणारे ओलोरोफिम हे रुग्णांसाठीचे नवे औषध तेव्हा अजून चाचण्यांतच होते.