सकळ लिपी आणि बदलती कुलपे

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर हे गाव आहे. महानुभाव पंथाचे ते मोठे तीर्थस्थान. पंथीय त्याला आत्मतीर्थ म्हणतात. शाळेची सहल या बाजूला गेली तर आपण मुलांना नदीचे पात्र दाखवतो, मंदिर दाखवतो, जवळच्याच राक्षसभुवनची १७६३ सालची लढाई सांगतो. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके कुलपात ठेवले होते, आणि ते कुलूप लोखंडाचे नव्हते, अक्षरांचे होते.

तसे कुलूप आपल्या वर्गातही असते. मधल्या सुट्टीत मुले ‘च’ची भाषा बोलतात. ‘मला पाटी दे’ याचे होते ‘चलाम चाटीप चेद’. पहिल्या अक्षराच्या जागी च आणायचा आणि मूळ अक्षर शेवटी टाकायचे, एवढाच नियम. तो नियम शिक्षकांना कळला, की त्या दिवसापासून सगळ्या वर्गाची सगळी गुपिते उघडी! गुपित एकाचेही स्वतंत्र नसते. सगळ्यांचे कुलूप एकच असते.

महानुभावांच्या सकळ लिपीचे साधारण असेच होते. चौदाव्या शतकात रवळोबास यांनी ती सिद्ध केली असे मानतात. लेखन मराठीच, पण एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर. तिच्याशिवाय सुंदरी, अंक, वज्र, सुभद्रा अशा आणखीही सांकेतिक लिप्या पंथात होत्या. या लिप्या का निर्माण झाल्या याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ब्रह्मविद्येचे ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत हे एक कारण सांगतात. तो काळ धामधुमीचा होता, हे दुसरे. म्हाइंभटाने सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धांदलीत नाहीशी झाली आणि पुढे आठवणीतून ती पुन्हा लिहावी लागली, असे परंपरा सांगते. ज्यांनी एकदा असे गमावले, ते जपून राहिले तर नवल नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. (हेच राजवाडे बीडच्या पाटांगणावरून मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी १९०९ साली छापून प्रसिद्ध करणारे.) मग वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते अशा अनेकांच्या परिश्रमांतून आद्य मराठी गद्याचा ठेवा आपल्यापुढे आला. मराठीच्या दृष्टीने हे भाग्यच. पण ज्याने कुलूप घातले त्याच्या बाजूने पाहा. किल्ली एकदा बाहेर गेली आणि त्या लिपीतली प्रत्येक पोथी वाचता येऊ लागली. नवी किल्ली करावी म्हटले तरी जुन्या पोथ्यांना ती कशी लावणार? प्रत्येक पोथी हाताने नव्याने लिहायला हवी. मजकूर आणि कुलूप एकाच शाईत मिसळले होते.

शेतातल्या विहिरीवरचे उदाहरण आमच्या भागातल्या मुलांना लगेच पटते. मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात असतात. मोटर जळाली की सगळे धूड उचलून दुरुस्तीला न्यायचे. पण पट्ट्यावर चालणारा पंप असेल, तर वीज असेपर्यंत मोटर लावा, वीज गेली की पट्टा ऑइल इंजिनावर चढवा. पंपाला त्याचे सोयरसुतक नाही. कारण दोघांमधला सांधा, म्हणजे पुली आणि पट्टा, आधीच ठरलेला आहे. सकळ लिपीची पोथी हा मोनोब्लॉक होता.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न १९९० नंतर उभा राहिला. आज आपण शाळेतून पगारबिले ऑनलाइन भरतो, बँकेचे व्यवहार मोबाइलवर करतो. दर वेळी आपले यंत्र आणि दूरचे यंत्र यांच्यात एक सुरक्षित जोडणी होते. तिची कामे तीन : समोरचा तोच आहे ना हे पटवणे, वाटेत कोणी वाचू नये हे पाहणे, आणि वाटेत कोणी बदल केला तर तो लक्षात येणे. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने १९९४ साली अशा जोडणीची एक रीत तयार केली, एस.एस.एल. हे तिचे नाव. १९९९ साली तिचाच पुढचा अवतार टी.एल.एस. या नावाने सर्वांसाठी प्रमाण ठरला.

या रीतीत एक शहाणपणाची गोष्ट पहिल्यापासून होती. कूटलेखनाची पद्धत एकच ठरवून टाकलेली नव्हती. जोडणीच्या आरंभी एक यंत्र सांगते, मला या या पद्धती येतात; दुसरे त्यांतली एक निवडते. किल्ली तर दर जोडणीला नवीन. ‘च’च्या भाषेहून ही फार पुढची पायरी.

पण घाई झाली होती. सप्टेंबर १९९५ मध्ये बर्कले येथील इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले, की नेटस्केपची आज्ञावली किल्ली निवडताना घड्याळातील वेळ आणि संगणकातले काही चालू क्रमांक यांचा आधार घेते. कुलूप भक्कम होते, पण किल्ली अंदाजाने सापडत होती.

दुसरी अडचण कायद्याची होती. मजबूत कूटलेखन अमेरिकेत तेव्हा युद्धसाहित्याच्या यादीत मोडत असे. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रतींत किल्ली ४० बिटांची ठेवत. २ चा ४० वा घात म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. संख्या मोठी वाटते, पण १९९५ साली फ्रान्समध्ये अनेक संगणक जुंपून अशी एक किल्ली आठ दिवसांत शोधली गेली. १२८ बिटांच्या किल्लीला शक्यतांची संख्या ३९ अंकी होते. वर्गात घातांक शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहून पाहावेत.

कायदा असा असल्याने काही आज्ञावलीकारांनी सांधाच वेगळा काढला. १९९७ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावा भाषेत अशी सोय आली : मुख्य आज्ञावलीने फक्त मागणी करायची, ‘या मजकुरावर सही कर’, ‘याचा गोषवारा काढ’. काम करणारा पुरवठादार निराळा, आणि तो बदलता येणारा. प्रत्यक्ष कूटलेखनाचा भाग वेगळ्या गाठोड्यात ठेवला, म्हणजे मूळ भाषा जगभर पाठवता येई. इतर देशांतील मंडळींनी आपापले पुरवठादार लिहिले; ऑस्ट्रेलियात सुरू झालेला ‘बाउन्सी कॅसल’ हा त्यांतला प्रसिद्ध. गमतीची गोष्ट अशी, की रिकाम्या खोबणीवरही सरकारची नजर होती. खोबण दिली की कोणीही तीत काहीही बसवेल! म्हणून पुरवठादारावर अधिकृत सही असल्याशिवाय तो बसू नये, अशी व्यवस्था करावी लागली. जानेवारी २००० मध्ये हे निर्बंध बरेच सैल झाले, पण सांधा टिकला. अडचणीतून निघालेली वाट चांगली निघाली, असे आमचे मत आहे.

हा सांधा आखायचा कसा? वरवर पाहता मागण्या चारपाचच. अमुक यंत्राशी सुरक्षित जोडणी कर. एवढे पाठव. आलेले दे. समोरच्याचे प्रमाणपत्र तपास. बंद कर. खरी परीक्षा बारकाव्यांत असते. किल्ली सांध्यापलीकडे येता कामा नये. मुख्य आज्ञावलीने ती पाहायचीही नाही. पुरवठादार बसवलेलाच नसेल तर जोडणी थांबली पाहिजे, उघड्यावर सुरू होता कामा नये. आणि मागणीचे शब्द असे हवेत, की वापरणाऱ्याचा गैरसमज होऊ नये.

या शेवटच्या गोष्टीचे मोल ‘कर्ल’च्या उदाहरणात दिसते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ पासून वाढवलेला हा आज्ञावलींचा संच जगभर वापरला जातो. त्याचा सुरक्षित जोडणीचा भाग आधी एकाच पुरवठादारावर चालत होता. २००५ मध्ये दुसरा बसवता आला, मग आणखी अनेक. २०१७ पासून तर आज्ञावली सुरू होताना त्यांतला एक निवडता येतो. सांध्याचा इतका चांगला नमुना क्वचितच सापडेल. तरीही त्यात एक चूक राहिली होती. प्रमाणपत्रावरचे नाव तपासायचे की नाही यासाठी एक अंक द्यावा लागे. ० म्हणजे तपासू नको. २ म्हणजे नाव जुळते का ते पाहा. आणि १ म्हणजे प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढेच पाहा! परीक्षेच्या दारावर पर्यवेक्षकाने हॉलतिकीट आहे ना एवढे बघावे, कोणाचे आहे ते वाचू नये, तसा हा प्रकार. आज्ञावली लिहिणारे सरळ मनाने लिहीत, ‘तपासायचे? खरे’. संगणक ‘खरे’ला १ मानतो. २०१२ साली स्टॅनफर्ड आणि टेक्सास येथील संशोधकांनी दाखवले, की यामुळे आणि अशाच इतर घोटाळ्यांमुळे पैशांचे व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीही भामट्याला खरा समजत होत्या. कूटलेखन उत्तम, पुरवठादार उत्तम. सांध्यावरचे शब्द चुकले होते. त्यानंतर कर्लने १ हा अंक नाकारायला सुरुवात केली.

एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एस.एस.एल. या सर्वांत प्रचलित पुरवठादारात ‘हार्टब्लीड’ ही चूक सापडली. ‘मी एवढी अक्षरे पाठवली, ती परत पाठव’ असे खोटे सांगितले, तर समोरचे यंत्र न मोजता आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर देऊन टाकी. त्यात किल्ल्याही असू शकत. ज्यांच्या सांध्यामागे दुसरा पुरवठादार होता त्यांना या चुकीची झळ लागली नाही. इतरांनी धावपळ करून दुरुस्ती बसवली आणि प्रमाणपत्रे बदलली. पोथ्यांच्या बाबतीत हे शक्य नव्हते.

मात्र बदलता येण्याची एक उलटी बाजूही आहे. नवे कुलूप बसवले तरी जुने अडगळीत पडून राहते. २०१५ साली ‘फ्रीक’ नावाची पळवाट उघड झाली तेव्हा कळले, की निर्यातीच्या कायद्यासाठी १९९० च्या दशकात मुद्दाम कमजोर केलेल्या पद्धती असंख्य यंत्रे अजून स्वीकारत होती! मधल्या माणसाने दोघांची बोलणी बिघडवायची आणि तेच मोडके कुलूप निवडायला लावायचे. कायदा सैल होऊन पंधरा वर्षे झाली होती. खोबणीतला जुना तुकडा कोणी काढलाच नव्हता. २०१८ च्या टी.एल.एस. १.३ मध्ये अशा पद्धती काढून टाकल्या आणि पर्याय मोजकेच ठेवले.

नेटस्केपची रीत तयार होत होती त्याच १९९४ साली पीटर शोर यांनी एक गणित मांडले होते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या प्रचलित पद्धती त्याच्यापुढे टिकणार नाहीत, असे त्यावरून दिसते. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या, आणि जगभर अदलाबदल सुरू झाली. जिथे सांधा आहे तिथे पुरवठादार बदलायचा. जिथे कूटलेखन आज्ञावलीतच विणलेले आहे तिथे पुन्हा पोथी लिहायला बसायचे.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन गट करा. पहिल्या गटाने दहा ओळींचा मजकूर थेट ‘च’च्या भाषेत वहीत लिहावा. दुसऱ्याने तो साध्या मराठीत लिहावा आणि एका मुलाला ‘कुलूपवाला’ नेमावे. चिठ्ठी बाहेर जाताना सांकेतिक रूप तोच देईल. नियमाची चिठ्ठी फक्त त्याच्या खिशात. अर्ध्या तासाने फळ्यावर लिहा : ‘च’ची भाषा फुटली, आता अक्षरांचा अंकांशी जोड लावा. दुसऱ्या गटात एकाच मुलाच्या खिशातली चिठ्ठी बदलेल. पहिल्या गटाला वहीचे पान फाडावे लागेल.