तेरचं कापड आणि पवनचक्कीचं पातं

सोलापूर-धुळे हायवेवर कधी पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा ट्रेलर बघितलाय का? एकच पातं, पण पन्नास-साठ मीटर लांब. मागची वाहनं हॉर्न वाजवतात आणि पोरं मोबाईल काढतात. आज मी या पात्याचा इतिहास सांगणार आहे, आणि सुरुवात करणार आहे आपल्या धाराशिवच्या तेरपासून.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. इथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. म्हणजे आपल्या भागाने नुसता कापूस नाही विकला, कापड विकलं.

आता म्हणाल, कापडाचा आणि पवनचक्कीचा काय संबंध? आहे ना! १८८७ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स ब्लायथने वाऱ्यावर वीज बनवली, तेव्हा त्याच्या चक्कीला कापडाची शिडं होती. आजचं पातंसुद्धा कापडाचंच, फक्त धागा काचेचा. लांबलचक साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर अंथरतात. मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम असतो. वरून प्लास्टिक लावून पंपाने हवा ओढून घेतात आणि त्या जागी रेझिन खेचलं जातं. असे दोन अर्धे भाग बनवून चिकटवले की पातं तयार. मग घासकाम आणि रंग. यात हातकाम भरपूर. कापडाला एक सुरकुती राहिली, तर तीच जागा पुढे कमकुवत ठरू शकते.

हे काम शिकलं कोणी? डेन्मार्कमधली एलएम ही कंपनी १९४० मध्ये फर्निचरचा कारखाना म्हणून सुरू झाली. पुढे फायबरग्लासच्या बोटी, आणि १९७८ पासून पाती. त्याच वर्षी ट्विंड इथल्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून प्रचंड पवनचक्की उभी केली. सुतार आणि बोटी बनवणारे या धंद्यात आले, कारण हाताला सवय होती.

आपल्याकडे तुलसी तांती यांचा सुरतेत कापडाचा धंदा होता. विजेच्या कटकटीला वैतागून ते पवनचक्कीकडे वळले आणि १९९५ मध्ये सुझलॉन सुरू केली. मुख्यालय पुण्यात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेल परिसरात चक्क्या उभ्या राहिल्या. धुळ्यात तर पाती बनवायचा कारखानाही आला. पातं दुमडता येत नाही, तोडून नेता येत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या जवळ कारखाना असला की वाहतूक वाचते.

पण नाण्याची दुसरी बाजूही ऐका. सुझलॉनने २००६ मध्ये अमेरिकेत पाइपस्टोन या छोट्या गावात पात्यांचा कारखाना काढला. गावाला रोजगार मिळाला. पण काही वर्षांतच ऑर्डरी आटल्या आणि कामगारकपात झाली. २००८ मध्ये भेगा पडल्यामुळे कंपनीला १,२५१ पाती मजबूत करून द्यावी लागली. भारतातही २०१२ मध्ये करसवलत काढली, तसा पवनचक्क्या उभारण्याचा वेग मंदावला. म्हणजे कारखाना आला म्हणजे कायमचं भलं झालं, असं नाही. टिकतं ते हातातलं कसब.

आता आपल्याकडे या. वाशी, भूम, कळंबच्या माळांवर चक्क्या फिरतायत. शेतकऱ्याला जमिनीचे पैसे मिळतात, पाया खोदताना काम मिळतं, गाड्या भाड्याने लागतात. पण चक्की एकदा उभी राहिली की माणसं थोडीच लागतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आहे. अशा जिल्ह्यातली पोरं कामासाठी पुण्याची गाडी धरणार, की इथेच काही शिकणार?

माझं म्हणणं साधं आहे. ग्रामसभेत कंपनीचा माणूस आला, की जमिनीच्या भावासोबत आणखी दोन प्रश्न विचारा. आमच्या आयटीआयच्या पोरांना पात्याची दुरुस्ती शिकवणार का? आणि ते काम इथल्याच वर्कशॉपला देणार का? उंचावर दोराला लटकून पात्याची भेग बुजवणं हे चांगल्या पगाराचं कौशल्य आहे, आणि चक्की उभी आहे तोवर ते लागणारच.

तेरने कापूस कच्चा विकला असता, तर त्या ग्रीक खलाशाने त्याच्या कापडाबद्दल लिहिलं असतं का? विचार करा, आणि गावच्या ग्रुपवर हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!